भाताविना पंचवीस दिवस

त्या वर्षी माघात कोलशेतच्या मिठागरात मी कमरेपर्यंत रुतलो नसतो, तर माझे पोट ही माझी खासगी बाब राहिली असती.

मी तेव्हा ठाण्याला मीठ खात्यात कारकून होतो. आमचे साहेब मिठागरे पाहायला निघाले की दप्तर घेऊन त्यांच्यामागून चालायचे, हे माझे काम. मिठागरात चालायचे म्हणजे दोन वाफ्यांमधल्या हातभर रुंदीच्या मातीच्या बांधावरून. साहेब काठीसारखे सडसडीत, ते गेले त्याची बांधाला दाद नव्हती. मी पाऊल टाकले आणि बांधाचा लचका तुटून मी उभाच्या उभा चिखलात उतरलो. दप्तर मात्र डोक्यावर धरले होते. खात्याचा एक कागद भिजला नाही, याचा मला त्या स्थितीतही अभिमान वाटला, यावरून माझी नोकरीवरची निष्ठा समजावी.

आगरावरची माणसे धावत आली. "हालू नुको, फली टाकतांव," असे म्हणत एका म्हाताऱ्याने माझ्या काखेखाली फळी सरकवली. दोन पुरुष आणि एक बाई यांनी मला ओढून काढले. म्हातारा घाम पुसत म्हणाला, "गेल्या साली आमचा रेडा बी हितंच रुतला व्हता. पन तो आपला आपन निंगाला."

साहेबांना मराठी चांगले समजे. ते हसले नाहीत. ते मला तसाच चिखलाने माखलेला घेऊन मीठ तोलायच्या काट्याकडे गेले आणि पारड्यात बसायला सांगितले. तोलणाऱ्याला वजन मोठ्याने पुकारायची सवय होती. त्याने गोण्यांसारखेच माझेही पुकारले, "दोन मण तीस शेर." शेजारच्या आगरावरचे लोकही बघायला आले.

"मी पण असा होता," साहेब म्हणाले. "विलायतेत एक चोपडं वाचला. त्याच्याप्रमाणे जेवला. आता बघा. तुम्ही पण करा. नाही तर फिरतीवर दुसरा माणूस घेऊ. तुम्ही बसा कचेरीत, जुने कागद लावा."

फिरती जाणार म्हटल्यावर माझे डोळे उघडले. मला मिठाची फार ओढ होती अशातला भाग नाही. पण फिरतीवरून परतताना आगरवाले टोपलीभर कोळंबी, कधी चिंबोऱ्या हातात देत, आणि मी "कशाला, कशाला" म्हणत घेत असे. जुन्या कागदांतून कोळंबी निघत नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद दिला. पहिले चौदा दिवस अत्यंत कडक, नंतर थोडी ढिलाई. "चौदा दिवसांत एक दाणा खाल्ला, तर पुन्हा पहिला दिवस," असे त्यांनी बोट उभारून बजावले.

घरी आल्यावर मी सौभाग्यवतींना कागद वाचून दाखवला. भात नाही. पोळी, भाकरी नाही. गूळ, साखर नाही. दूध नाही. बटाटा, रताळे, केळे नाही.

"मग आहे काय?" तिने विचारले.

"मासे, मटण, अंडी. पालेभाजी. चहा, पण दूधसाखरेवाचून."

"कागदावर नऊ ओळी आहेत. इकडून आठच वाचल्या." तिला अक्षरओळख नव्हती, पण मोजता उत्तम येत होते.

नववी ओळ दुपारच्या जेवणाबरोबर घ्यायच्या दोन पेले लाल दारूची होती. "ती साहेबांची सही," मी म्हणालो.

पहिले दोन दिवस माझ्या अंगात वीरश्री होती. तळलेली बोईटे, कोळंबीचे कालवण, माठाची भाजी. आमच्याकडे मासे आवडीचेच, त्यामुळे हा कसला कडकपणा, असे मला वाटले. चूक कळायला फार वेळ लागला नाही. कालवण ही भाताबरोबर खायची वस्तू आहे. भात काढून घेतला की ते नुसतेच वाटीत राहून आपल्याकडे बघत बसते. माझी बोटे पानावर आपोआप गोळा करायला जात आणि तिथे काही नसे.

तिसऱ्या दिवशी डोके दुखू लागले आणि तोंडाला घाण वास येऊ लागला. चौथ्या दिवशी मी एका शिपायावर दौत सांडल्याबद्दल ओरडलो. दौत मीच सांडली होती. पाचव्या दिवशी साहेबांबरोबर पुन्हा आगरावर गेलो. उन्हात मिठाच्या पांढऱ्याशुभ्र राशी ओळीने लावल्या होत्या, आणि मला त्या भाताच्या मुदी दिसू लागल्या. त्यांच्यावर वरण कुठून ओतावे, याचाही मी विचार केला. परत येऊन टिपण लिहिले, त्यात 'भाताच्या राशी कोरड्या व उत्तम' असे लिहून गेलो. साहेबांनी तांबड्या शाईने 'भात' खोडून वर 'मीठ' लिहिले आणि कागद परत दिला.

घरात बाकीच्यांसाठी भात होतच होता. मी माजघरातून जायला आणि सौभाग्यवतींनी पातेल्यावरचे झाकण काढायला नेमकी एकच वेळ येत असे. मी एकदा हे बोलून दाखवले.

"झाकण काढल्यावाचून भात शिजला की नाही ते कसं कळायचं?" ती म्हणाली.

"मी जाताना नेमका शिजतो?"

"इकडून दिवसातून वीसदा जाणं होतं. भातानं तरी काय करावं?"

आळीत तोवर बातमी पसरली होती. कचेरीतल्या एकाने साहेब मला बाटवणार असल्याचे सांगितले. त्याचे म्हणणे असे, की आधी भात सुटतो, मग शेंडी. दुसऱ्याने मला प्रमेह झाल्याचे ठरवले आणि फार प्रेमाने कारल्याचा रस आणून दिला. मी तो प्यायलो, कारण कागदावर त्याला मनाई नव्हती.

अकराव्या दिवशी कल्याणला माझ्या बहिणीच्या मुलीचे लग्न होते. मी मुलीचा मामा. मामावाचून मुलगी बोहल्यावर चढत नाही, त्यामुळे टाळण्याचा प्रश्नच नव्हता. भरतीबरोबर पडावातून आम्ही खाडीने निघालो. डोंबिवलीचे वळण मागे पडल्यावर सौभाग्यवतींनी फडक्यात बांधलेली चार उकडलेली अंडी माझ्या हातात ठेवली. "लग्नघरात हे चालायचं नाही. इथंच व्हावं," ती म्हणाली. मी तोंड फिरवून खाल्ली आणि टरफले खाडीत टाकली.

भाची नऊ वर्षांची. आता लिहिताना हा आकडा डोळ्यांना खुपतो. तेव्हा कुणाला खुपला नाही, मलाही नाही. तिला आणायला मी आतल्या खोलीत गेलो, तेव्हा ती गौरीहरापुढे पिवळ्या पातळात बसल्या बसल्या पेंगत होती. सकाळपासून तिला मुहूर्ताचा उपास होता. खोलीत आणखी कोणी नव्हते.

"मामा, तुझं पोट बोलतंय," ती म्हणाली.

"तुझं नाही बोलत?"

"माझं मघाशी बोलून दमलं." मग तिने दाराकडे पाहिले, पातळाच्या गाठीतून एक बत्तासा काढला, दातांनी मधोमध तोडला आणि अर्धा माझ्यापुढे धरला. "उष्टा आहे," ती म्हणाली.

मी तो घेतला. साहेबांचा कागद, चौदा दिवस, उभारलेले बोट, सगळे मला आठवले आणि तरीही घेतला. आम्ही दोघे पाटाशेजारी बसून कोणी येण्याआधी तो विरघळवत होतो. मी जन्मात पुष्कळ पंगती झोडल्या आहेत. त्या अर्ध्या बत्ताशाइतके काही गोड लागलेले आठवत नाही.

मग तिला उचलून उभा राहिलो आणि भिंती फिरल्या. मांडवापर्यंत पंधरा-वीस पावले असतील. मी दर दोन पावलांवर थांबत चाललो. लोक म्हणाले, मामांना गहिवर आला. माझ्या कानाशी भाची म्हणाली, "पाडू नको हं." पाडले नाही, एवढेच त्या दिवशीचे माझे कर्तृत्व.

दुपारी पंगत बसली. माझ्या शेजारी मुलाचे वडील, म्हणजे आमचे व्याही. भात आला आणि मी पानावर आडवा हात धरला. वाढणारा पुढे गेला. व्याह्यांनी ते पाहिले आणि आपला हात पानावरून उचलला.

"मुलीच्या मामांना आमच्या पंगतीचा भात चालत नाही काय?" ते सावकाश म्हणाले. "आमच्या कुळात काही खोट दिसली असेल तर अक्षता पडायच्या आधी सांगायचं होतं."

सगळी पंगत थांबली. मी खरे सांगायला तोंड उघडले. पण खरे काय होते? साहेबाने मला काट्यावर तोलले आणि बारीक व्हायला सांगितले. हे त्या मांडवात बोलण्यापेक्षा परत चिखलात रुतलेले बरे. तेवढ्यात वरणाचे भांडे हातात घेऊन उभे असलेले माझे मेहुणे, म्हणजे मुलीचे वडील, बोलले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"त्यांचं व्रत आहे," मेहुणे म्हणाले. "सव्वा महिना अन्न वर्ज्य."

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिले. मला शरमेने मान वर करवेना. ती खाली गेलेली मान त्यांना भक्तीची वाटली. त्यांनी हात जोडले. "मला माहीत नव्हतं. क्षमा असावी," ते म्हणाले, आणि पलीकडच्या दोन म्हाताऱ्यांनी तिथूनच मला नमस्कार केला. एक क्षणापूर्वी मी माजोरी होतो. आता पुण्यवान झालो. पानातला भात तेवढाच होता, म्हणजे मुळीच नव्हता.

इथवर निभावले असते. पण व्रतस्थ माणूस उपाशी कसा ठेवायचा? व्याह्यांनी आत निरोप धाडला. बायकांनी चुली पुन्हा पेटवल्या आणि माझ्यासाठी निराळे पान आले: शिंगाड्याचा शिरा, तुपात परतलेल्या रताळ्याच्या गोड फोडी, वरीचे तांदूळ, केळ्याची शिकरण. साहेबांनी जे जे वर्ज्य केले होते, ते धर्माने माझ्यासाठी पवित्र करून पाठवले होते. आमचा उपास हा जगातला सर्वांत पुष्टिदायक प्रकार असावा. सगळी पंगत श्रद्धेने बघत होती. पहिल्यांदा मी भिडेखातर खाल्ले. दुसऱ्यांदा वाढले तेव्हा नको म्हणालो नाही. तिसऱ्यांदा शिरा मीच मागितला.

जेवण झाल्यावर परसात हात धुवायला गेलो. तिथे माझी आत्या भांडी विसळत होती. ती तरुणपणीच विधवा झाली होती आणि माझ्या बहिणीकडेच राहत असे. तो शिरा तिनेच केला होता.

"कोणत्या देवाचं व्रत रे?" तिने मान वर न करता विचारले.

तिच्याशी खोटे बोलणे मला कधी जमले नाही. "साहेबाचं," मी म्हणालो.

मला वाटले, ती हसेल. तिने एक भांडे उपडे घातले, दुसरे घेतले. "तीस वर्षं झाली, रात्री माझ्या पोटात अन्न नाही. एकादशी, सोमवार, चतुर्थी निराळे. अजून कुणी मला हात जोडले नाहीत," ती म्हणाली. "जा, बाहेर विड्याचं तबक फिरतंय."

मी गेलो. विडा घेतला.

ठाण्याला परत आल्यावर साहेबांनी विचारले, "किती दिवस झाले?" बारा म्हणून सांगता आले असते. साहेब काही कल्याणला चौकशीला जाणार नव्हते. पण कल्याणला इतके खोटे माझ्या नावावर जमा झाले होते की आणखी उचलवेना. मी बत्तासा, शिरा, रताळे, सगळे सांगितले. साहेबांनी शांतपणे ऐकले आणि बोट उभारले. "पहिला दिवस," ते म्हणाले.

दुसरे चौदा दिवस पहिल्यासारखे गेले नाहीत. त्यांत वीरश्री नव्हती आणि मौजही नव्हती. डोके थोडे कमी दुखले. आळीला माझा कंटाळा आला होता, कारण मी बाटलोही नाही आणि मेलोही नाही. एक दिवस सौभाग्यवतींनी आपल्या पानात भात वाढून घेतला नाही. संध्याकाळी तिचे कपाळ ठणकत होते. "इकडची कमालच आहे म्हणायची," ती म्हणाली. लग्नानंतर तिने माझी केलेली ती पहिली स्तुती. दुसऱ्या दिवशी मी माजघरातून जाताना पातेल्यावरचे झाकण नेहमीप्रमाणे निघाले.

चौदा दिवस पुरे झाले. साहेबांनी मला पुन्हा काट्यावर बसवले आणि तोलणाऱ्याने पुकारले, "दोन मण बावीस शेर." आठ शेर गेले होते. साहेबांनी माझा हात हातात घेऊन हलवला. माझी फिरती राहिली, आणि टोपलीही राहिली.

त्या दुपारी मला मूठभर भाताची परवानगी होती. सौभाग्यवतींनी वासाचा तांदूळ काढला होता. तिने गरम मूद पाडली, तूप सोडले, आणि काय होते ते बघायला समोर बसली. मी पहिला घास घेतला. पंचवीस दिवस ज्याच्यासाठी जीव टाकला, तो साधा भात होता. मऊ, गरम, किंचित चिकट. मी थांबून वाट पाहिली, पण त्याहून जास्त काही झाले नाही.

"कसा झालाय?" तिने विचारले.

"नेहमीसारखा," मी म्हणालो. तिला राग आला, तो दोन दिवस टिकला.

पुढल्या वर्षी साहेबांची बदली झाली. नवे साहेब माझ्याहून दीडपट होते आणि मिठागरे नकाशावर पाहत. हळूहळू आठांतले सहा शेर माझ्याकडे परत आले, ते कोणी पुकारले नाहीत. कल्याणकडे मात्र व्रतस्थ मामा म्हणून माझे नाव झाले ते कायमचे. तिथल्या प्रत्येक कार्यात मला मानाचा पाट मिळे, आणि मी त्यावर जाऊन बसत असे.