दाताच्या मशीनची राखण

चहा गार व्हायच्या आत ऐकून घ्या. हा किस्सा मी न्हाई सांगितला तर शिरूरातलं कुणीबी सांगंल, आन् वर दोन मुठी मीठ लावून सांगंल.

आमची सूनबाई दाताची डॉक्टर. शिरूरला दवाखाना काढलाय. आमी मांडवगण फराट्याची माणसं. आमच्यात दाढ दुखली की लवंग धरायची, तरीबी न्हाई ऐकलं तर पक्कड. सूनबाईनं मातुर बिनवायरचं मशीन आणलं. दिसायला दात घासायच्या ब्रशचा थोरला भाऊ. तोंडात फिरवलं की आतला सगळा नकाशा टीव्हीवर. आपलीच किडकी दाढ कलिंगडाएवढी करून बघायची, ह्याला म्हणायचं प्रगती.

मी त्या दवाखान्याच्या दारात खुर्ची टाकून राखणीला बसायचो. कुणी नेमलं न्हवतं. खरं कारण येगळंच. म्हातारीनं, म्हंजी माझ्या बायकोनं, मला आमच्या शर्यतीच्या बैलाच्या, पाखऱ्याच्या पाठीवर हात ठेवायला लावून तंबाखू सोडायची शपथ घ्यायला लावली व्हती. सगळ्या आळीसमोर म्हणली, "शपथ खोटी निघाली तर पाखऱ्या दौंडला माझ्या भावाच्या दावणीला." आन् ही बाई बोलल्याली गोष्ट करती. गावात तिचं नाक सारखं माझ्या तोंडाशी. म्हणून शिरूरला राखण.

एक दिवस कंपनीचा माणूस आला, पुण्याचा, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. म्हणला, "काका, मशीन वायफायवर चालतं. पासवर्ड अजून कारखान्यातनं आलेलाच आहे. बदलला नाही तर कुणीही आत शिरेल. पेशंटच्या तोंडाचे फोटो म्हणजे खाजगी गोष्ट."

"मी दारात बसलोय. कोण शिरतंय बघू."

"काका, तो दारातनं येत नाही."

"खिडकीला गज हायेत."

त्यानं सूनबाईकडं बघितलं. तिचे दोन्ही हात एका पेशंटच्या जबड्यात. ती म्हणली, "आबा, तुम्हीच टाका. इंग्रजी अक्षरं आणि आकडे, दोन्ही पाहिजेत. मला नंतर सांगा, दुसऱ्या कुणाला नको."

आता मला इंग्रजी येत न्हाई. मास्तरांनी आन् मी एकमेकांचा नाद चौथीतच सोडला. पण हे त्या पट्टेवाल्याला कशाला सांगायचं? तो म्हणला, "मी पाठ फिरवतो. पासवर्ड मलासुद्धा दिसता कामा नये."

त्यानं पाठ फिरवली आन् मी खिडकीतनं बाहेर बघितलं. समोर आमचा बैलाचा टेम्पो उभा. त्याच्या पाठीवर हाताएवढ्या इंग्रजी अक्षरांत पाखऱ्याचं नाव, खाली टेम्पोचा नंबर. इंग्रजीत लिव्हलं की बैल जास्त पळतो, असं पेंटरनं पटवलं व्हतं. एक अक्षर बघायचं, तसलंच बटण हुडकायचं, दाबायचं. शेवटाला हिरवी रेघ आली. पट्टेवाला म्हणला, "वा काका, मजबूत पासवर्ड." अख्ख्या शाळेत मला कुणी असं म्हणलं न्हवतं.

एवढा पराक्रम करून माणूस गप बसंल का? रस्त्यापलीकडं दत्तूची चहाची टपरी. गेलो.

"दत्तू, असा पासवर्ड टाकलाय, शिरूर-दौंडात कुणाच्या बापाला घावायचा न्हाई."

"पर आबा, तुमाला इंग्रजी कवा आलं?"

"यायला कशाला पायजे? बघून बघून टाकला."

"कशावर बघून?"

"ते सांगत नसतो. मी काय येडा हाय?"

दत्तूनं दवाखान्याच्या खिडकीकडं बघितलं. मग खिडकीसमोर काय उभंय ते बघितलं. म्हणला, "छ्या, तुमी कसले येडे." आन् मला मलई घातलेला चहा दिला. मी मान समजून पिलो.

त्या दिवसापासनं टपरीवर ही गर्दी. रांजणगावच्या कारखान्यातली पोरं शिफ्ट सुटली की येऊन बसायची, माना खाली घालून. मी शर्यतीच्या गोष्टी सांगायचो. मला वाटलं, काय ऐकत्यात, काय संस्कार हायेत. दत्तूनं तर नवा टीव्ही टांगला. दिवसभर त्याच्यावर बैलगाडे पळायचे. कुणाच्या नेटवर, हे इचारायची अक्कल मला कुठली?

मग माझीच दाढ ठणकली. म्हातारी गावाकडनं डबा घेऊन आली व्हती, ती दत्तूकडं चहाला बसली. सूनबाईनं मला खुर्चीत आडवा केला आन् ते मशीन तोंडात फिरवायला लागली. आमचा टीव्ही काळाच.

"आबा, हलू नका. चित्र कुठं जातंय कळत नाही."

मला बी कळंना. पण पलीकडं कळलं व्हतं. दत्तूच्या टीव्हीवर ऐन शर्यतीच्या घाटात गाडा सुटला, आन् घाट जाऊन तिथं एक भुयार आलं. एक जण म्हणला विहीर हाय, दुसरा म्हणला मुरमाची खाण. म्हातारीनं चष्मा सारखा केला. पाखऱ्यानं शिंग मारून तुकडा पाडलेला माझा दात अख्ख्या तालुक्यात एकच.

ती पदर खोचून आत आली.

"अवं, तंबाखू सोडली म्हणला व्हता न्हवं?"

"सोडली की."

"मग डाव्या दाढंमागं काय शेण सारवलंय?"

माझं तोंड तर मिटल्यालं, मग हिला दिसलं कसं? म्हणलं, बाईला देवी प्रसन्न झाली का काय.

पट्टेवाल्याला बोलावलं. तो म्हणला, दत्तूचा टीव्ही आपल्याच नेटवर होता, मशीन चुकून त्याला चिकटलं. मग पासवर्ड काय ठेवला म्हणून त्यानं इचारलं. मी खिडकीकडं बोट केलं. तो खिडकीशी गेला आन् टेम्पोवरचं नाव, नंबर वाचून आला.

"काका, पासवर्ड मजबूतच होता. फक्त रस्त्यावर उभा करायला नको होता."

सूनबाई मातुर हसली न्हाई. "आबा, तुमच्या जागी एखादी पोरगी असती तर? नावासकट तिचं तोंड टपरीवर गेलं असतं. परत कोण आलं असतं माझ्याकडं?" मी तंबाखू थुकायला बाहेर गेलो.

आता मशीनला येगळं नेट हाय, बाहेर बसणाऱ्यांना येगळं. नवा पासवर्ड सूनबाईनं म्हातारीला सांगितलाय, मला न्हाई. पाखऱ्या दौंडला गेला. मेव्हणा फोन करून सांगतो, तिकडं लई झ्याक पळतोय.

आन् दारातल्या खुर्चीवर आता म्हातारी बसती. मी आत जायला निघालो की काठी आडवी घालती आन् म्हणती, "आ करा."