एकाच वायरवरच्या आठ जणी

पारूबाई सकाळी आमच्याकडे भांडी घासते आणि लग्नसराईत संध्याकाळी डोक्यावर लाइट घेऊन चालते. नवरदेव मारुतीला नमस्कार करून वाजतगाजत मांडवाकडे निघतो, त्या परण्याच्या दोन्ही बाजूंना दिव्यांच्या चौकटी घेतलेल्या बायका असतात ना, त्यांच्यातली ती एक. आपण त्यांचे चेहरे बघत नाही. दिव्यांनी डोळे दिपतात आणि खालचं माणूस दिसत नाही.

ती मूळची कन्नड तालुक्यातली. नवरा गेल्यावर मुकुंदवाडीत आली. मुलीला, विशाखाला, तिनं याच दोन कामांवर नर्सिंगला घातलं. टाळूवर चुंबळीच्या जागी तिचे केस विरळ झालेत. त्यावर ती स्वतःच म्हणते, "माझं टक्कल लोकांच्या लग्नात पडलं बघा."

थंडीला ती घाबरत नाही. ब्लाउजवर स्वेटर, त्यावर बॅण्डवाल्यांनी दिलेला चमकीचा कोट, असा तिचा वेश. भीती पावसाची. तुळशीचं लग्न झालं की रोज सकाळी घासणी हातात घेण्याआधी विचारणार, "ताई, मोबाइलात पाऊस हाये का?" कारण आठही जणींचे दिवे एकाच वायरवर असतात आणि ती वायर मागं हातगाडीवरच्या जनरेटरला जाते. गंगापूरकडच्या एका लग्नात भुरभुर सुरू झाली, कुणी बटण बंद केलं नाही आणि ओळीतल्या एका बाईला शॉक बसला. ती वाचली. "पण तिच्या हाताची मूठ वळत नाय अजून," पारूबाई सांगते. तेव्हापासून स्वतःच्या चौकटीच्या दांड्यांना ती सायकलची जुनी ट्यूब गुंडाळते.

यंदा लग्न आमच्या श्रेयाचं, माझ्या मुलीचं होतं. मी पारूबाईला साडी देऊन म्हटलं, "त्या दिवशी काम नाही हं, पाहुणी म्हणून यायचं."

"येते की. पर पाव्हनी म्हनून नाय."

"म्हणजे?"

"तुमच्या पाव्हन्यांनी सांडूचा बॅण्ड ठरवलाय. म्या सांडूच्या ओळीत हाये." मग हसून म्हणाली, "तुमच्या जावयाला म्याच घेऊन येते, काळजी करू नगा."

काळजी मी आठवडाभर दुसरं काय करत होते? उत्तरेकडून थंड हवा येतेय, तिच्या तोंडाशी ढग आणि तुरळक पाऊस, आणि मागून थंडीचा कडाका, असं सगळे अंदाज सांगत होते. लॉन बीड बायपासवरचं, उघडं. मी केटररला फोन करून ताडपत्री वाढवली आणि मंडपवाल्याचं डोकं खाल्लं. पारूबाईला मात्र एकच माहिती हवी होती.

"पाऊस किती वाजता?"

"सात-साडेसातनंतर दाखवतंय. मुहूर्त त्याआधीचा आहे."

"मग जमलं. परण्या येळेवर निघू द्या फकस्त."

परण्या वेळेवर निघाला नाही. नवरदेवाच्या मित्रांना गाडीत बसून प्यायचं होतं. ते आटपल्यावर डीजेच्या गाडीसमोर नाच सुरू झाला. मी औक्षणाचं ताट घेऊन लॉनच्या कमानीखाली उभी. वारा असा बोचरा सुटला होता की ताटातलं निरांजन तीनदा विझलं. समोर रस्त्यावर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, परण्या अडकलेला. मुहूर्त टळला. गुरुजी घड्याळ बघणं सोडून चहा प्यायला लागले. आणि पहिला थेंब माझ्या मनगटावर पडला. बर्फासारखा गार.

नंतर जे पाहिलं त्याची शिसारी अजून गेलेली नाही.

सगळ्यात आधी ड्रोन खाली आला. कॅमेरावाल्या पोरानं तो पदराखाली बाळ घ्यावं तसा जॅकेटखाली घेतला आणि पळाला. मग डीजेवर प्लास्टिक पडलं. घोड्यावर बसलेल्या शिवराजच्या, म्हणजे आमच्या जावयाच्या, हातात कुणीतरी छत्री दिली. जनरेटरवरसुद्धा ताडपत्रीचा तुकडा आला. आठ बायका मात्र पेटते दिवे डोक्यावर घेऊन तशाच उभ्या, आणि त्यांच्या मधोमध पोरं भिजत, किंचाळत, एकमेकांच्या खांद्यावर चढून नाचतायत.

मी ताट कुणाच्या तरी हातात देऊन तिकडे गेले. पारूबाई ओरडत होती, "सांडूभाऊ, बंद कर! दांडीतनं हाताला मुंग्या यायला लागल्या!"

सांडू बॅण्डमास्तर. त्यानं तिच्याकडे न बघता शिवराजच्या काकांकडे पाहिलं. त्या घरात काकासाहेबांच्या शब्दाशिवाय पान हलत नाही.

मी म्हटलं, "काकासाहेब, जनरेटर बंद करायला सांगा. शॉक लागेल त्यांना."

"विहीणबाई, पाचच मिनिटं. पोरांचं एक गाणं राहिलंय."

"अहो, पाऊस आहे!"

"ह्याला पाऊस म्हणता? अत्तर शिंपडल्यासारखं पडतंय." आजूबाजूचे हसले. त्यांच्या तोंडाला वास येत होता. "आणि नवरदेव काय अंधारात आणायचा मांडवात? असला अपशकुन आमच्यात नाय चालत."

मी शिवराजकडे पाहिलं. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं छत्री जरा पुढे कलती केली आणि घोड्याच्या मानेकडे बघत राहिला.

"पारूबाई, खाली ठेव!" मी म्हटलं.

"ठिवू कुठं, ताई? खाली बी पानीच हाये. हितं अनवाणी पोरं नाचत्यात." आणि मग तिनं मागं न बघता हाक दिली, "चला गं!"

ती चालायला लागली. नाचणाऱ्यांच्या घोळक्याला वळसा घालून सरळ कमानीकडे. ती ओळीत पुढची, आणि वायर एकच. मागच्या बाईला निघावंच लागलं, तिच्या मागचीलाही. पलीकडची ओळही निघाली. हातगाडीवाला "ए, थांबा, वायर तुटंल!" करत जनरेटर ढकलत, घोड्याच्या बाजूनं वाट काढत मागे धावला. आठ दिवे रांगेनं पुढे निघून गेले आणि नवरदेव, काका, मित्र सगळे रस्त्यावर अंधारात उरले. गाणं वाजतच होतं. पण दिसत नसताना कोण नाचणार? थोड्या वेळानं सगळे निमूट चिखल तुडवत दिव्यांच्या मागे आले.

कमानीच्या आत छत होतं. तिथं पोचल्यावर हातगाडीवाल्यानंच बटण बंद केलं. बायकांनी चौकटी उतरवल्या. पारूबाईचे दात वाजत होते आणि ती उजवा तळवा मांडीवर घासत होती, घासतच होती. लॉनचा मॅनेजर आला. मला वाटलं, बसायला सांगेल. तो म्हणाला, "ए मावशी, हितनं पाव्हणे येणारेत. सामान मागं घ्या."

काकासाहेब त्याच्या पाठोपाठच आले. "कोण आहे ती? आमचा नवरदेव अंधारात सोडला. माफी मागितल्याशिवाय शिवराज बोहल्यावर चढणार नाही."

माझे यजमान माझ्याकडे बघायला लागले. आत श्रेया शालू नेसून बसलेली. मी तोंड उघडायच्या आत पारूबाई उठली, हात जोडले आणि म्हणाली, "चुकलं, मालक. जिती हाये म्हनून माफी मागायला घावले. मेले असते तर कुनी मागितली असती?"

मग काकासाहेब खो खो हसले. "तोंड लई चालतं बाईचं!" त्यांच्या पाठोपाठ सगळे हसले. मॅनेजर हसला, सांडू हसला, आमचे हे सुटल्यासारखे हसले. विनोदाची काय पंगत पडली होती! एकटी पारूबाई हसत नव्हती. अक्षता पडल्या, ताटं वाढली गेली. त्या माणसाला मी माझ्या हातानं जिलेबीचा आग्रह केला. माझी मुलगी त्याच्या घरात राहायला जाणार होती, म्हणून.

ही परवाची गोष्ट. पाऊस पुढे सरकला आणि अंदाजात सांगितला होता तसा कडाका आलाय. हे लिहिताना बोटं आखडतायत आणि झोप तशीही येत नाही. छत्री कलती करणाऱ्या त्या हाताशी माझ्या मुलीची गाठ बांधलीय.

आज सकाळी पारूबाई भांडी घासत असताना सांडू दारात आला. काल त्यानं तिला ओळीतून काढलं होतं. आज बदली बाई मिळाली नव्हती.

"चल की पारूबाई. बिडकीनचं लगीन हाये उद्या."

तिनं पाठ न वळवता सांगितलं, "पाऊस आला की बटन बंद. म्या म्हनन तवा. मालक म्हनल तवा नाय."

सांडूनं खिशातून मोबाइल काढला. बोटानं वर-खाली केलं, आठवडाभराचा अंदाज पाहिला. सगळीकडे सूर्याची चित्रं. चेहरा खुलला त्याचा.

"कबूल," तो म्हणाला. "एकदम कबूल! तू म्हणशील तवा बंद."

तो गेल्यावर मी म्हटलं, "अगं, आठवडाभर पाऊस नाही म्हणून कबूल केलं त्यानं. कळलं ना तुला?"

"कळलं की." तिनं कढई पालथी घातली, उजवा हात दोनदा उघडून मिटून बघितला. "पन आठी जनींच्या म्होरं वदवून घेते उद्या. मंगच निघन जनरेटरची गाडी."