नवव्या रकान्यातलं निरंक

आमच्या शिक्षण कार्यालयात प्रशिक्षण विभाग म्हणून जो काही होता, तो एका माणसाचा होता. सगळा जिल्हा त्यांना ‘निरंक सर’ म्हणायचा. फॉर्ममधल्या एखाद्या रकान्यात भरण्यासारखं काही नसेल, तर तो मोकळा सोडायचा नाही, ‘निरंक’ लिहायचं, हा त्यांचा पहिला धडा. तो त्यांनी एकोणीस वर्षं शिकवला. शिकायला येणारे म्हणजे दोनशे बारा शाळांचे मुख्याध्यापक आणि त्या शाळांचं कार्यालय सांभाळणारे अधीक्षक. त्यांच्या घरीही हेच चालायचं. वहिनी सांगायच्या, किराण्याच्या यादीत साखर नको असेल तर हे पुढे ‘निरंक’ लिहितात, आणि दुकानदार दरवेळी विचारतो की ही कुठली नवी साखर.

माझं टेबल लेखा शाखेत, त्यांच्या दालनाच्या दारासमोर. आत चाळीस खुर्च्या, प्रत्येकीला उजव्या हाताशी लिहायची फळी. डावखुऱ्यांसाठी सरांनी दोन खुर्च्यांच्या फळ्या सुताराकडून दुसऱ्या बाजूला बसवून घेतल्या होत्या. वर्ग भरला की मला दिवसभर करमणूक असायची. शाळेत मुलांना ज्या ज्या गोष्टींसाठी उभं करतात, त्या सगळ्या हे मुख्याध्यापक इथे करायचे. उशिरा यायचे, मागच्या रांगेसाठी भांडायचे, फळीखाली फोन बघायचे आणि जेवणानंतर डुलक्या घ्यायचे. सर कधी चिडले नाहीत. ते चुका करून ठेवलेला एक कागद सगळ्यांना वाटायचे आणि विचारायचे, “कागद परत येईल का?” मग म्हातारे म्हातारे मुख्याध्यापक चुका शोधायला लागायचे, आणि एकमेकांच्या फळीवर डोकावायचेही.

कागदापलीकडचंही ते बरंच शिकवायचे. बदली झाली की पदभार कसा द्यायचा-घ्यायचा, सेवापुस्तकात कुठली नोंद कधी करायची, भिंतीला तडा गेला तर त्याच दिवशी कोणाला कळवायचं. रागावलेले पालक कसे हाताळायचे, या तासाला ते स्वतः पालक व्हायचे आणि इतके खरे ओरडायचे की पहिल्या वेळी मी टेबल सोडून धावत गेलो होतो.

एकदा चहाच्या वेळी मी त्यांना विचारलं की एका शब्दापायी एवढा जीव का टाकता. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली. मागच्या पानावर अकरा नावं होती. तिशीतच ते मुख्याध्यापक झाले होते. शिकवणं येत होतं, कार्यालय चालवणं कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच वर्षी परीक्षेला बसणाऱ्या मुलांची यादी पाठवली, तिच्यात ‘विशेष सवलत हवी असलेले विद्यार्थी’ हा रकाना मोकळा राहिला. तसं कोणी नव्हतंच, म्हणून मोकळा. अपूर्ण म्हणून यादी परत आली. यायला नऊ दिवस लागले, तोवर मुदत संपली. अकरा मुलांचं वर्ष गेलं.

“त्यातल्या चौघी पुन्हा शाळेत आल्याच नाहीत,” ते म्हणाले आणि डायरी मिटून खिशात ठेवली.

नव्या मुख्याध्यापकांसाठी त्यांचा पाच दिवसांचा वर्ग असायचा, तो यामुळे. येत्या वर्षी जिल्ह्यात एकदम त्रेसष्ट नवे मुख्याध्यापक खुर्चीवर बसणार होते, कारण तेवढे जुने निवृत्त होत होते. सरांची नोकरी दोन वर्षं उरली होती. या त्रेसष्ट जणांना नीट तयार करायचं आणि मग निघायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्या वर्गाची टिपणं ते सहा महिने आधीपासून काढत होते. मला वाचायला द्यायचे. मी स्वल्पविराम सुचवायचो, तेही घ्यायचे.

त्याच सुमारास वरिष्ठ कार्यालयाने सगळ्या विभागांचा आढावा काढला. शाळांना एक फॉर्म गेला, चौदा रकान्यांचा. नववा रकाना होता ‘पुढील वर्षासाठी आवश्यक प्रशिक्षण’. फॉर्म प्रशिक्षण विभागामार्फत गोळा व्हायचे होते. पूर्वी असे फॉर्म मागवले की निम्मे अर्धवट यायचे आणि परत पाठवावे लागायचे. या खेपेला दोनशे बाराच्या दोनशे बारा मुदतीत आले. सर गठ्ठा घेऊन माझ्याकडे आले.

“बघा. एकही रकाना मोकळा नाही.”

त्यांनी प्रत्येक फॉर्मवरून बोट फिरवून खात्री केली होती. मीही चार-पाच चाळले. खरंच मोकळा नव्हता. गठ्ठा त्याच दिवशी वर गेला. रकाना भरलाय की नाही, एवढंच बघायची त्यांच्या बोटाला सवय होती. कशाने भरलाय ते त्यांनी बघितलं नाही, आणि मीही नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. बहुसंख्य शाळांनी प्रशिक्षणाची गरज नसल्याचं सही-शिक्क्यानिशी कळवल्यामुळे प्रशिक्षण विभाग बंद करण्यात येत आहे. सरांनी ते उभ्यानेच वाचलं आणि मग माझ्या समोरच्या खुर्चीत बसले. आम्ही कार्यालयीन प्रती काढल्या. मी मोजलं, त्यांनी पुन्हा मोजलं. एकशे एक्क्याऐंशी शाळांच्या नवव्या रकान्यात ‘निरंक’ होतं. उरलेल्या एकतीस जणांनी काहीबाही लिहिलं होतं, एकाने नुसतंच ‘होय’.

त्यांनी टेकडीवरच्या शाळेच्या बाईंना फोन लावला. त्या त्यांच्या सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, प्रत्येक वर्गाला पहिल्या रांगेत बसणाऱ्या. फोन टेबलावर होता, मला सगळं ऐकू येत होतं.

“सर, विषय तर दरवर्षी तुम्हीच ठरवता,” बाई म्हणाल्या. “पुढच्या वर्षी काय घेणार, आम्हाला काय ठाऊक? आणि माहीत नसेल तर मोकळं सोडू नका, हे तुमचंच वाक्य.”

“मग मला विचारायचं होतंत, बाई.”

“त्यात कसलं विचारायचं? निरंक लिहिलं की कागद परत येत नाही.” मग त्यांना काहीतरी जाणवलं असावं. “का हो सर, चुकलं का काही?”

सरांनी त्यांना सांगितलं की काही नाही, आणि फोन ठेवला.

त्या आठवड्यात त्यांनी दोनशे बारा शाळांना दुरुस्तीपत्रक पाठवलं. दिवसभर फोन करायचे, घसा बसला तरी करायचे. साठ दुरुस्त्या आल्या. त्यातल्या एकोणीस जणांनी नवव्या रकान्यात पुन्हा निरंकच लिहिलं होतं. ही मंडळी तरी कशी, म्हणून सरांनी त्यांच्यातल्याच एकाला, बाजारातल्या मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापकांना, फोन करून विचारलं. अंगापिंडाने भरलेले, सगळे त्यांना पहेलवान म्हणायचे. तोंडाने फटकळ, पण मनात काही ठेवायचे नाहीत.

“रागावू नका, सर. तुमच्याकडे दोन दिवस बसून जे मिळतं, ते माझा अधीक्षक दहा मिनिटांत उरकतो. मी पहिल्यांदा लिहिलं तेही सवयीने नव्हतं. खरंच होतं.”

सर “बरं” म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी त्या एकशे एक्क्याऐंशी फॉर्मांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. मग मला म्हणाले, “तुम्ही कॉमर्सवाले. यात सवयीचे किती आणि खरे किती, हे कसं काढायचं, सांगा.”

दोन्ही तऱ्हेच्या कागदांवर तोच शब्द, तीच शाई, तसाच शिक्का. असा ताळा कुठल्या पुस्तकात नाही.

उरलेल्या एक्केचाळीस दुरुस्त्या घेऊन ते आमच्या कार्यालयाच्या साहेबांकडे गेले. बरोबर मीही होतो. साहेब सरांच्या मुलाच्या वयाचे. सर आत गेले की उठून उभे राहायचे. तेव्हाही राहिले. कागद त्यांनी एकेक करून पाहिले.

“सर, दुरुस्ती बेरजेची चालते. मत बदललं ही दुरुस्ती मी कशी म्हणू? वर ते मला विचारतील की लोकांना नको असताना फोन करून कोणी लिहून घेतलं.” मग, सरांना बरं वाटावं म्हणून असेल, ते पुढे म्हणाले, “तुम्ही शिकवलंत इतकं चांगलं, की गरजच उरली नाही, असं समजा.”

सर हसले. मला ते हसणं बघवलं नाही.

पुढचं सगळं रीतसर झालं. सरांना भांडार शाखेत पाठवलं. त्रेसष्ट नव्या मुख्याध्यापकांना सतरा मिनिटांच्या एका व्हिडिओची लिंक पाठवायचं ठरलं. मी तो पाहिला. त्यात एक गृहस्थ खुर्चीवर बसून नेतृत्वाबद्दल बोलतात, कागदाबद्दल काही बोलत नाहीत. पाच दिवसांच्या वर्गाची टिपणं सरांनी घरी नेली. वहिनी म्हणाल्या, आता यादीत निरंक लिहीत नाहीत, नुसती रेघ मारतात.

शेवटच्या दिवशी दालनाचं हस्तांतरण होतं. चाळीस खुर्च्या, फळा, प्रोजेक्टर, कपाट. ते पत्रक सरांनीच कधीतरी तयार केलेलं होतं. त्यांनी एकेक वस्तू दाखवली, डावखुऱ्यांच्या दोन खुर्च्या वेगळ्या लिहायला लावल्या, सही केली, किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. “चला,” म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

पत्रक पुढे पाठवण्याआधी मी सवयीने तपासलं. शेवटचा रकाना होता ‘हरकत असल्यास’. तो मोकळा होता. एकोणीस वर्षांत त्यांच्या हातून मोकळा गेलेला तो एकच रकाना. चुकून राहिला म्हणावं, तर सही बरोबर त्याच्या शेजारीच होती. मी खिडकीतून पाहिलं. ते फाटकापर्यंत पोचले होते. हाक मारता आली असती.

असाच पाठवला तर कागद परत येणार, पुन्हा त्यांना बोलावणं, पुन्हा तेच दालन उघडणं. मी पेन काढलं आणि शक्य तितकं त्यांच्या अक्षरात तिथे ‘निरंक’ लिहिलं.

कागद परत आला नाही.