विमानतळाच्या आधी बंद होणारा सिनेमा

हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरातल्या तांजोंग पगारच्या ऑफिसात दुसऱ्या फोनवर एअरलाइनशी भांडत होते. सुधीरदादाला, माझ्या आतेभावाला, साताऱ्याला त्याच्या आईकडे न्यायचं होतं. विमानात व्हीलचेअर हवी होती, डॉक्टरांचं पत्र हातात होतं, पुण्याहून पुढची रुग्णवाहिका ठरली होती. तो सोडून सगळं तयार होतं. "मॅडम, आर यू देअर?" एअरलाइनची मुलगी विचारत राहिली...

दादा आईला न भेटताच गेला, ह्याला मी त्याच्या त्या इराणी सिनेमांना जबाबदार धरते. काही आठवडे उलटले, मत बदललेलं नाही. दादा जुरोंग आयलंडवर रिफायनरीत इंजिनिअर होता. तिथला एक इराणी सहकारी नोकरी सोडून जाताना डिस्कची पिशवी त्याच्या गळ्यात मारून गेला. सगळे विनोदी, सगळ्यांची गोष्ट एकच. गावातला एक बावळट परदेशात जातो, हॉटेलच्या कारंज्यात पाय धुतो, पोलिसाकडे चहा मागतो, पासपोर्ट हरवतो. थोडी चौकशी केली असती तर टळलं असतं ते सगळं हा गृहस्थ एकापाठोपाठ एक करतो, आणि आपण हसायचं! दर रविवारी क्लेमेंटीतल्या आपल्या फ्लॅटवर मराठी मंडळी जमवून, हातात पोह्यांच्या बशा देऊन दादा हे दाखवायचा. खाली इंग्रजी अक्षरं येत असली तरी वर मराठीतून समजावून सांगायचा आणि स्वतःच डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा.

"अगं, हा वेंधळा म्हणजे मीच! पहिल्यांदा इथे चांगी विमानतळावर उतरलो तेव्हा बॅगेत लोणच्याची बरणी फुटली होती."

"एक बरणी नीट बांधता आली नाही, ह्याचं कौतुक?"

"मॅनेजरीणबाई, तुम्हाला हसायलासुद्धा चेकलिस्ट लागते."

शेवट मात्र तो कधीच दाखवायचा नाही. नायक परत निघाला की हा रिमोट उचलणार. "पुढे रडगाणं. सगळं गाव हार घेऊन विमानतळावर, आणि ह्याची बॅग रिकामी." स्वतः न पाहताच त्यानं हे ठरवून टाकलं होतं. त्या सिनेमांबाबतची त्याची ही एकच सवय मला शहाणपणाची वाटायची.

मग आजार आला, झपाट्यानं वाढला. डॉक्टर म्हणाले, जायचं तर आत्ताच. गुडघ्यांमुळे आत्याला इकडे येणं शक्य नव्हतं. फोनवर तिचा एकच प्रश्न, "कधी आणतेस त्याला?"

"नको," दादा म्हणाला. "सगळी गल्ली बघायला जमेल. सिंगापूरचा साहेब, स्ट्रेचरवर."

"आत्या वाट बघतेय, दादा."

"तो शेवटचा सीन मी करणार नाही."

हा मूर्खपणा आहे, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. आजही तेच सांगेन. रिफायनरी चालवणारा माणूस, आणि आईला भेटत नाही. का, तर कुठल्यातरी टुकार विदूषकाची बॅग रिकामी असेल म्हणून!

अस्थी घेऊन मीच साताऱ्याला गेले. गल्लीत कोणी जमलं नव्हतं. आत्यानं माझ्या सामानाकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "शेवटी काही खात होता का गं?"

परत येऊन मी दोन शनिवारांत फ्लॅट रिकामा केला. भांडी, कपडे, सायकल, सगळ्याला घेणारे मिळाले. जुना डिस्क प्लेअर कोणालाच नको होता, म्हणून घरी आणला आणि चालतो का ते पाहायला लावला. आत डिस्क होती. त्यानं थांबवलेल्या जागेवरूनच सुरू झाली. विमानतळ. हार नाहीत, गाव नाही. एकटी आई, तीही सुमार अभिनय करणारी, मागे कानठळ्या बसवणारं व्हायोलिन. बॅगेला ती हातसुद्धा लावत नाही. मुलाचे गाल चाचपते आणि म्हणते, किती वाळलास... भिकार शेवट. कोणालाही सुचेल असा.

डिस्क अजून आतच आहे. "सो लाउझी ला, आई, व्हाय यू वॉच अगेन?" लेक परवा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. तिचं बरोबर आहे. पण मी विमानतळाच्या आधीचं काही लावत नाही. ते दादानं पाहिलेलं आहे.