उपासातला खोकला

पॉलकाकांना विडी सोडता येत नाही, असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. "दरवर्षी सोडतो की," ते म्हणत. ते खरंही होतं. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन चर्चमधून आले की उपासाचे चाळीस दिवस विडी बंद, ती थेट ईस्टरपर्यंत. आमच्या उमेळे गावात एवढ्या निग्रहाचा माणूस दुसरा नव्हता, आणि एवढा हेकटही.

गंमत अशी, की विडी सुटली की पहिले काही दिवस त्यांचा खोकला उलट वाढायचा. ईस्टरची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, आटोपून झुरका मारला की त्यांना बरं वाटायचं. त्यावरून काकांनी निदान करून टाकलं होतं: खोकला विडीचा नाही, विडी सोडण्याचा. मी एकदा वाद घातला, तर मलाच चार गोष्टी ऐकून घ्याव्या लागल्या.

सत्त्याण्णव साली खोकला उपासाच्या आधीच लागला, विडी चालू असतानाच. छातीत उजवीकडे दुखायचं. केळीचा लोंगर, अख्खा घड, उचलला की मध्येच खाली ठेवून ते बांधावर बसत. बर्थाकाकूंचं एकच मागणं होतं, छातीचा फोटो काढा.

"उपास होऊ दे, मग बघू. आता खोकला येणारच."

काकू सांगून सांगून थकल्या. शेजारी राहून मीही थकलो. खोटं कशाला बोलू, पहाटे तो आवाज सुरू झाला की मी खिडकी लावून घ्यायचो.

ईस्टरला भेटायला गेलो, तेव्हा काका ओटीवर बसले होते. काकूंनी स्वतःच विडीचं बंडल आणि काडेपेटी आणून पुढे ठेवली.

"घ्या. झाले तुमचे दिवस. ओढा, आणि उद्या फोटो काढायला चला."

काकांनी एक विडी काढली, बोटांत फिरवली आणि परत ठेवली.

"नको वाटते गं. गेल्या पंधरा दिवसांत आठवणसुद्धा आली नाही."

विडी सुटावी, हेच तर काकू लग्न झाल्यापासून मागत आल्या होत्या. तरी त्यांचा चेहरा उतरला. मलाही भीती वाटली; विडीची इच्छाच मेलेले काका आम्ही कधी पाहिले नव्हते.

"फोटोला उद्या सकाळीच जाऊ," काका म्हणाले. आवाजात वाद नव्हता, काहीच नव्हतं.

काकू दाराला धरून उभ्या राहिल्या.

"एवढी घाई काय आहे?" त्या म्हणाल्या. "उद्या पाहुणे यायचेत. सण होऊ दे, मग बघू."