दादाच्या लॉरीला दिलेला जोर

त्या वर्षी मी कारंज्याच्या रस्त्यावर, एका निंबाखाली टिनाचं शेड टाकून गॅरेज चालवत होतो. वय पंचविशीचं. हातात थोडी कला होती आणि डोक्यात तिच्या चौपट घमेंड. माझा दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, एका शेठची लॉरी चालवायचा. आम्हाला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आमच्या वस्तीत स्टिअरिंग धरणारा दादा पहिलाच, बाकी सारे दुसऱ्याच्या वावरात राबत. त्याची लॉरी वस्तीवरून गेली की म्हातारी माणसं हातातलं काम टाकून बाहेर येत.

पण ती लॉरी चढावर रडायची. दिवस संत्र्याचे होते. पहाटे निघून लिलावाआधी नागपूर गाठायचं, आणि वाटेतल्या चढावर मागून निघालेले ड्रायव्हर दादाला हात हलवत पुढे जायचे. धाब्यावर त्याला चिडवायचे, "काऊन गा, दोन बैल जुपून देऊ का समोर?" दादा हसून चहा प्यायचा. झोंबायचं मला. वर शेठ एकदा बोलून गेला, की गाडी तीच ठेवून ड्रायव्हर बदलून पाहतो.

मग मी त्या इंजिनाच्या मागेच लागलो. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवून नागपूरहून अर्धं सूत, इंचाचा सोळावा भाग, घासून आणलं, म्हणजे आतला दाब वाढतो आणि इंजिन जास्त ताकद देतं. लढाईनंतर लष्करानं डिस्पोजलमध्ये विकून टाकलेली एक गाडी मोडीत पडली होती, तिचा गिअरबॉक्स काढून दादाच्या लॉरीत बसवला. त्याचा दुसरा गिअर चढाला फार चांगला होता. आणि शेवटी, ठिणगी थोडी आधी पडावी म्हणून टायमिंग पुढे सरकवलं. त्यानं इंजिन असं काही ओढू लागलं, की मी एकटाच शेडमध्ये हसत उभा होतो.

यात एक खोट होती आणि ती मला पक्की ठाऊक होती. असं इंजिन समोरून हातानं हँडल मारून सुरू करायला गेलं, तर ते उलटं फिरू शकतं आणि हँडल सगळ्या जोरानिशी माणसाच्या हातावर येतं. गॅरेजमध्ये मी बॅटरीच्या सेल्फवरच सुरू करत होतो. दादाला सांगायचं होतं. पण सांगितलं तर तो म्हणणार, "मंग मांगं घे ना थोडं." मांगं घेतलं की अर्धा जोर गेला. म्हटलं, एक खेप होऊ दे, मग सांगू.

ती खेप करून दादा परतला तो गाडीतून उतरायच्या आधीच ओरडत. "अबे, सगळ्याइले मांगं टाकून आलो मी! गाडी हाय का काय हे? तुह्या हाताले सोन्याचं कडं घालाले पायजे." जन्मात त्यानं माझं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं. ते इतकं गोड लागलं, की टायमिंगचं मी बोललोच नाही. उद्या सांगू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे कडाक्याची थंडी होती. बॅटरी बसलेली, सेल्फ नुसता कण्हत होता. मी किटलीनं रेडिएटरमध्ये गरम पाणी ओतत होतो. दादानं सीटखालून हँडल काढलं, समोर येऊन बसवलं. मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. "दादा, थांब" एवढंच म्हणायचं होतं. किटली खाली ठेवू, मग म्हणू, असं मनात आलं. तेवढ्यात इंजिन उलटं फिरलं. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि दादा न ओरडता खाली बसला.

हाड बसवणाऱ्यानं पट्ट्या बांधल्या, पण हाड वाकडंच जुळलं. उजव्या हाताची बोटं पुन्हा पुरती मिटली नाहीत. शेठनं दुसरा ड्रायव्हर ठेवला, त्यालाही लॉरी फार आवडली. दादा एका माणसाच्या संत्र्याच्या बागेत रखवालीला लागला.

लोक विचारायला येत, हे झालं कसं? दादा सांगे, "माहाच अंगठा चुकला." हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, वरून वळसा घालायचा नाही, ही पहिल्या दिवशीची शिकवण. बारा वर्षं गाडी चालवलेला ड्रायव्हर ती चूक करतो, यावर लोक तोंड लपवून हसत. खरं कळलं असतं तर माझ्या शेडकडे एकही गाडी फिरकली नसती. पण दादानं नंतर बॉनेट उघडून पुढे सरकवलेलं टायमिंग पाहिलं होतं. हात गळ्यात बांधलेला असताना त्यानं मला एवढंच विचारलं, "तुले मालूम होतं ना?" मी होकाराची मान हलवली. तो विषय त्यानं पुन्हा काढला नाही, आणि लोकांनी विचारलं की मीही अंगठ्याचंच सांगू लागलो. गॅरेज चांगलं चाललं.

दोनेक वर्षांनी एक नवा ड्रायव्हर माझ्याकडे आला. त्याला हँडल दाखवताना माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "अंगठा इकडं ठेवजो. नाई तं आमच्या दादावाणी होईन." दारातल्या बाकावर दादा बसला होता. बागेतून येताना तो रोज तिथे टेकायचा. मी वळून पाहिलं. त्यानं वाकडा हात मांडीवर नीट ठेवला आणि त्या ड्रायव्हरला म्हणाला, "बरोबर सांगून राह्यला तो. आयक त्याचं."