कोपऱ्यातलं नाव

माझा दोस्त भास्कर गेल्याच्या नवव्या दिवशी त्याच्या तेरवीचं पत्र छापायला मी कुंभार पिंपळगावला गेल्तो. छापखानेवाल्यानं प्रूफ हातात दिलं आणि माझा चहा सांडला. वर 'कै. भास्कर', आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'अक्षरजुळणी : भास्कर', पुढं प्रूफ काढल्या दिवसाची तारीख. गेलेला माणूस स्वतःच्या तेरवीचं पत्र जुळवून राह्यला होता! छापखानेवाल्याला त्याचं काहीच वाटलं नाही. "सर, सगळ्याच प्रूफावर येतंय ते. सॉफ्टवेअर भास्करभाऊनंच कॉम्प्युटरात टाकून दिल्तं."

भास्करचं जुन्या जालन्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मराठी अक्षरजुळणीचं ते सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, आणि त्यातल्या जुन्या फायली दुसऱ्या कशातच उघडत नाहीत. हा मोटारसायकलवर गावोगाव जाऊन त्याची कॉपी फुकट टाकून द्यायचा. सुरुवातीला ते सॉफ्टवेअर मालकाचं नाव विचारतं, तिथं हा प्रत्येक ठिकाणी स्वतःचं नाव घालायचा, आणि तेच मग प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात छापून यायचं. मी आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडलेला मास्तर, मला कसं सहन व्हावं?

"अरे, चोरी ती चोरी! वर नाव कशाला लावतोस?"

"मास्तर, कंपनीला तीनदा चिठ्ठी धाडली, तीनदा वापस आली. मालक न्हाई म्हणून माल आपला होत न्हाई, बराबर. पण मंग सडू द्यावा का? अन् उद्या मालक आलाच, तर त्यानं कुणाला धरावं? नाव राहू दे."

"चोराच्या उलट्या बोंबा," असं म्हणून मी निघून आलो. चार महिने दुकानाची पायरी चढलो नाही, आणि तेवढ्यात तो गेला. याची मला फार लाज वाटते...

तेरवीनंतर वहिनींनी, भास्करच्या बायकोनं, त्या सॉफ्टवेअरची सीडी माझ्या हातात ठेवली. "मास्तरला द्या, हे म्हणाल्ते." लबाड कुठला!

महिन्याभरानं शहागडहून एका बाईंचा फोन आला, नंबर वहिनींनी दिलेला. वडिलांनी रचलेली भीमगीतं जुन्या फायलींत अडकलेली, कॉम्प्युटर जळालेला, फायली तेवढ्या फ्लॉपीवर वाचलेल्या, आणि भास्करभाऊ तर राहिले नाहीत. दोन दिवस मी सीडीकडं नुसता बघत बसलो. तिसऱ्या दिवशी ती घेऊन शहागडला गेलो. त्यांनी दुसरा जुना कॉम्प्युटर आणून ठेवला होता. पडद्यावर नावाची चौकट आली. भास्करचं नाव घातलं असतं तरी चाललं असतं, मेलेल्याला कोण धरणार? म्हणूनच ते घालवेना. मी माझं घातलं.

पहिलं गीत छापून निघालं. ज्या कोपऱ्यात त्याला पाहिलं होतं, नेमका तिथंच मी, त्या दिवसाच्या तारखेसकट. बाईंनी कागद हातात घेतला.

"सर, खाली तुमचं नाव येऊन राह्यलंय. ब्लेडनं कापू का?"

"राहू दे," म्हणालो.

ते दोन्ही कागद, तेरवीचं प्रूफ आणि त्या गीताची एक प्रत, आता माझ्या टेबलावर असतात. दार वाजलं की आधी मीच उठतो. मालक असला तर त्यानं मला धरावं. आणि भास्कर असला तर... त्याच्याशी माझं भांडण अर्धं राहिलंय.